आत्या येईस्तोवर

"मग खरा शत्रू कोण, बुवा?"

विचारलं ऋजुतानं, पण उत्तर तिच्याकडे तयार होतं. नेहमीच असे. शहरात तिनं शरीराच्या प्रतिकारशक्तीवर भलामोठा प्रबंध लिहिला होता. आता टेकडीवरच्या मठाच्या दवाखान्यात ती निरंजनबुवांच्या हाताखाली शिकायला आली होती. संन्यास घेण्याआधी बुवा लहान मुलांचे डॉक्टर होते.

खाटेवर दोन महिन्यांची मुलगी धापा टाकत होती. नाकाशी प्राणवायूची नळी होती. दर श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

"विषाणू उतरणीला लागलाय," ऋजुता म्हणाली. "तरी पोर खालावतेय. त्याला मारायला हिच्याच शरीरानं पेशी पाठवल्या. नको तितक्या. त्या तिथंच मेल्या, त्यांचा चिकटा झाला आणि काडीएवढ्या श्वासनळ्या बुजल्या. वाचवायला आलेल्यांनीच..."

मग तिनं एकेका पेशीचं नाव घडाघडा सांगितलं. बुवांनी सगळं ऐकून घेतलं.

"सगळ्यांची नावं येतात तुला."

"हो."

"हिचं?"

कालपासून ऋजुता 'खिडकीजवळची खाट' असंच म्हणत होती.

मुलीच्या पायाशी तिची आई, सगुणा, बसली होती. तीच बोलली.

"बारसं न्हाई झालं अजून. नाव ठरलंय, पर हिची आत्या ऊसतोडीला गेलीया. तिनं कानात कुर्र केल्याबिगर नाव कसं ठेवायचं? ती येईस्तोवर थांबलोय आमी."

श्वास आणखी उथळ झाला. ऋजुता औषधाच्या कपाटाकडे धावली.

"अजून एक देऊन बघते. पेशींना आवरणारं."

"काल दिलंस."

"आज जास्त देते!"

बुवांनी तिचं मनगट धरलं.

"आता तूही गर्दी करू नकोस."

"मग काय करू? नुसती बघत बसू?" तिला रडू फुटलं.

बुवांनी तिच्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून घेतला आणि सगुणाकडे वळले.

"बाई, नाव हिला सांग. आज ही आत्या."

सगुणानं बुवांकडे पाहिलं. तिला कळलं. ती उठली, ऋजुताच्या कानाशी लागून नाव सांगितलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून पुन्हा खाली बसली.

ऋजुता खाटेवर वाकली. मुलीचा कान तिच्या ओठांशी होता. कुर्र करायचं, नाव सांगायचं, एवढंच. पण एरवी घडाघडा बोलणाऱ्या ऋजुताच्या तोंडून आवाजच फुटेना.

छाती वर आली... खाली गेली...

पुन्हा वर आली नाही.

सगुणानं हंबरडा फोडला. ऋजुता तशीच वाकलेली होती.

"बुवा... आता तिला ऐकू येणार नाही."

"तुला येईल. घे नाव."