साळूआक्काचा परवाना

खूप जुनी गोष्ट आहे; इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही. तिथे साळूआक्का नावाची एक हाडवैद्य राहत होती. निखळलेला सांधा बसवावा, आखडलेली मान मोकळी करावी, तर तिनेच.

त्या राज्यात हाडवैद्यांची पंचायत होती. पंचायतीच्या परवान्याशिवाय कुणी रोग्याच्या अंगाला हात लावायचा नाही, असा नियम होता. आणि परवाना घेताना शपथ घ्यावी लागे, की रोग्याचं दुखणं तिसऱ्या माणसाला सांगणार नाही.

एकदा शेजारच्या राज्यातून एक मल्ल राजाच्या मल्लाशी कुस्ती खेळायला आला. वाटेत घोड्यावरून पडून त्याचा खांदा दुखावला होता. साळूआक्काने आठ दिवस तो शेकला, चोळला, हात हळूहळू वर न्यायला शिकवलं.

"अजून पुरता भरला नाही. पंधरा दिवस थांब," ती म्हणाली.

"आक्का, आता माघार घेतली तर गावाला तोंड कसं दाखवू?"

"मग त्या हातावर भार घेऊ नकोस. पुढे तुझी मर्जी."

कुस्तीच्या आदल्या दिवशी राजाने तिला दरबारात बोलावलं.

"पाहुण्याचं कुठलं अंग दुखतंय, एवढंच सांग."

 साळूआक्का शांतपणे म्हणाली,

"महाराज, ते माझ्या हातांना ठाऊक आहे. तोंडाला नाही."

"राज्याच्या इभ्रतीचा प्रश्न आहे!"

"मग आपल्या मल्लाला नीट लढायला सांगा."

दुसऱ्या दिवशी पाहुणा जिंकला. राजा भडकला. त्याने डोळे वटारताच पंचायतीने साळूआक्काचा परवाना काढून घेतला.

ती घरी बसली नाही. रोज सकाळी पंचायतीसमोर जाऊन उभी राहायची आणि विचारायची, "मी कुठला नियम मोडला?"  कुणी म्हणालं, "आक्का, राजाची माफी माग, मिटवून टाक." ती म्हणाली, "नियम तुम्ही केला, मी पाळला. माफी कशाची मागू?"

वर्ष गेलं. रोगी दारात येऊन परत जात. तिचा जीव तुटायचा, पण परवान्याशिवाय तिने कुणाला हात लावला नाही.

मग एके सकाळी राजाची कंबर अशी धरली, की त्याला उठता येईना. सीमेवर शत्रू टपलेला. बातमी फुटली तर तो चालून येणार. बाकीचे हाडवैद्य सरदारांची दुखणी राजाच्या कानावर घालून बक्षिसं घेत होते. आता त्यांच्यापैकी एकालाही जवळ करायची राजाला भीती वाटली. त्याने साळूआक्काला बोलावलं.

ती आली आणि उंबऱ्यावर थांबली.

"माझ्याकडे परवाना नाही, महाराज."

"मी हुकूम देतो!"

"हुकमाने मी हात लावत नाही. पंचायतीने चारचौघांत सांगावं, की माझी चूक नव्हती."

राजा कळवळत पडून राहिला. दुपारी मात्र त्याने पंचांना निरोप धाडला. भरल्या बाजारात पंचांनी आपली चूक कबूल केली आणि परवाना तिच्या हातात दिला.

दहाव्या दिवशी राजा घोड्यावर बसून सीमेकडे गेला. त्याला काय झालं होतं, हे राज्यात कुणालाही कळलं नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ज्याने विश्वासाने स्वतःचं दुखरं अंग आपल्या हाती दिलं, त्याचं गुपित राजाने विचारलं तरी सांगू नये.