छताला टांगलेला माग

उतारावर वसलेल्या एका गावात रंगनाथशेट नावाचे भुसार व्यापारी होते. गृहस्थ चांगले. गावात पोरांना वाचायला काही नाही, याचं त्यांना खरंच वाईट वाटे. म्हणून त्यांनी पेठेत पुस्तकांचं दुकान काढायचं ठरवलं. बसायला गाद्या, प्यायला कॉफी, फोन चार्ज करायची सोय. शिवाय दुकानात आपल्या गावाची ओळख दिसली पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

गावाची ओळख म्हणजे घोंगडी. एके काळी इथं चाळीस माग होते. आता एकच उरला होता, म्हाताऱ्या बिराप्पा सणगराचा. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बिराप्पा बसे आणि पायांनी माग चालवी. मुलगा ट्रकवर गेलेला. शिकत होती ती नवी सून, कस्तुरा. लग्नाला चार महिनेही झाले नव्हते.

बायका हसत. "सासरी येऊन खड्ड्यात पडलीस गं!"

"बरंच झालं," ती म्हणे. "वर नुसती भांडीच आहेत."

पहिली घोंगडी विणली जाताना तिनं नुसती बघितली होती. दुसरी निम्मी झाली होती, तीत तिचाही हात होता. "ही मागावरून उतरली की तुला माझी गरज नाही," बिराप्पा म्हणे आणि खोकत राही. घाई दोघांनाही होती.

एका सकाळी रंगनाथशेट गावातले चार वडीलधारे आणि दुकानाचा नकाशा घेऊन आले. माग छताला टांगायचा, निम्म्या घोंगडीसकट. खाली दिवे सोडायचे.

"बिराप्पा, तुमचा माग आता अमर होणार!"

"माग होईल हो. विणणाऱ्याला कुठं टांगणार?"

सगळे हसले. शेटही हसले.

कस्तुरा कधी चारचौघांत बोलत नसे. त्या दिवशी दाराआडून बोलली. "शेटजी, दुकानाच्या कोपऱ्यात खड्डा खणा. मामंजी तिथंच विणतील. लोकांना बघायला मिळेल, मला शिकायला मिळेल."

शेटनी नकाशाकडे बघितलं. क्षणभर त्यांना ते पटलंही. मग म्हणाले, "अगं, फरशी बसवून झाली. आणि लोकरीचा कचरा पुस्तकांवर उडेल."

"मग महिनाभर थांबा. ही एक उतरू दे."

"पत्रिका वाटून झाल्या, पोरी."

"गावाचं काम आहे, बिराप्पा," वडीलधारे म्हणाले. गावाच्या शब्दाला बिराप्पा जन्मात नाही म्हणाला नव्हता. दुसऱ्या कुणी मोडू नये म्हणून त्यानं माग स्वतःच्या हातांनी सोडवून दिला.

उद्घाटनाला त्याला शाल-श्रीफळ मिळालं. टाळ्या झाल्या. मागाखाली उभं राहून लोकांनी फोटो काढले. दुकान छान झालं होतं, त्यात खोटं काही नाही.

बिराप्पाच्या घरात नुसता खड्डा उरला. तो दिवसभर त्यात पाय सोडून बसे. कस्तुरा चहा आणून देई आणि विचारी, "मामंजी, पुढं कसं करायचं ते तोंडानं तरी सांगा."

"तोंडानं कसं सांगू? हातांना ठाऊक आहे, मला नाही."

पौष सरायच्या आत तो गेला.

चैत्रात बिरोबाची जत्रा आली. देवापुढं दरसाल नवी घोंगडी अंथरायची रीत. ती बिराप्पाच्या घरून येई, म्हणून कुणाला कधी आठवण ठेवावी लागली नव्हती. यंदा पुजाऱ्यानं मागितली तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले.

रंगनाथशेट दुकानात गेले. त्यांनी पांढरी फरशी फोडली, खड्डा खणवला, माग खाली उतरवला आणि कस्तुराला बोलावून आणलं. कॉफी पिणारी माणसं उठून भोवती उभी राहिली.

ती खड्ड्यात उतरली. टांगून टांगून मागावरचे उभे धागे सैल पडले होते. तिनं एक ओढला, तो तुटला. दुसरा ओढला, तोही तुटला. मग तिनं हात मागे घेतले.

"सैल पडलेला माग परत कसा ताणायचा, ते शिकायचं राहिलं, शेटजी."

"आठव जरा, पोरी. त्यांच्या शेजारी तर बसायचीस."

"शिकलेलं आठवतं. राहिलेलं कसं आठवू?"

त्या साली देवापुढं बाजारातलं ब्लँकेट अंथरलं.

तात्पर्य: कारागिराला बसायला जागा न देता त्याची कला जपू म्हटलं, तर हाती फक्त लाकूड उरतं.