उंबऱ्यावरच्या प्रार्थनेची कहाणी

ऐक देवबापा, तुझ्या एका लेकीची कहाणी. आयाबायांनो, तुम्हीही ऐका, मांडीवरची पोरं सांभाळा. आटपाट गाव होतं. गावाला वेस होती, वेशीबाहेर प्रभूचं लहानसं देऊळ होतं. देवळामागं दीनाबाई राहत होती. नवरा शांतवन दोर वळी, लेक रूथ अंगणात खेळे. घरात दाणा असला तर मीठ नसे, मीठ असलं तर सरपण नसे.

एके दिवशी दीनाबाई अलीशिबा म्हातारीकडं गेली. म्हातारी गावची सुईण. तिचे डोळे गेले होते, हात थकले होते. दीनाबाई म्हणाली, "आजी, मला तुमची विद्या द्या. चार घरची सेवा होईल, माझीही चूल पेटेल."

म्हातारी म्हणाली, "विद्या देईन, पण तिच्यासंगं वसा घ्यावा लागतो. तो तुला झेपायचा नाही. आज घेते म्हणशील, हाताला यश आलं की फुगशील, फुगलीस की विसरशील."

"फुगणार नाही, विसरणार नाही, दिलेला शब्द खाली पडू देणार नाही."

मग म्हातारीनं वसा सांगितला. "बाळंतिणीच्या दाराशी थांबावं. दोन्ही हात पुढं धरावे. 'देवबापा, हात माझे, काम तुझं,' असं म्हणावं, मग उंबरा ओलांडावा. ज्याचं बोलावणं आधी, त्याचं घर आधी. मग तो मळेवाला असो की मोळीवाला. मूल रडलं की देवाचे आभार मानावे, मगच हात धुवावे."

दीनाबाईनं वसा घेतला. दारोदारी थांबली, हात पुढं केले, आभार मानले. अडलेल्या सुटल्या, आडवी मुलं उभी झाली, घरोघरी पाळणे हलले. तिच्याही घरी दाणा आला, मीठ आलं, सरपण आलं. रूथ मोठी झाली, चांगल्या घरी पडली. बायका म्हणू लागल्या, "दीनाबाई, तुमच्या हाताला यश आहे." पहिल्यांदा ती म्हणाली, "यश देवाचं, मी निमित्त." पुढं पुढं नुसती हसू लागली. मग एके दिवशी म्हणाली, "आहे खरं."

मग काय झालं? सुगीचे दिवस होते. सकाळच्या पारी केरबा बुरूड धावत आला. त्याची बायको चंपा पहिलटकरीण. दोघं दीनाबाईच्याच मंडळीतली, प्रभूच्या देवळात मागं चटईवर बसणारी. केरबा म्हणाला, "मावशी, चंपाला कळा लागल्या. ती तुमचं नाव घेतेय."

दीनाबाई निघाली. वाटेत समोरून छकडा आला. छकडा थोमासराव मळेवाल्यांचा. थोमासराव मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, देवळात पुढच्या बाकावर बसत. गाडीवान म्हणाला, "बाई, मळ्यातल्या सूनबाईंचं पोट दुखतंय. तुम्हांला घेऊनच या म्हणालेत."

दीनाबाई थबकली. एकीकडं बुरूडआळीचा चिखल, एकीकडं मळ्यातलं घर. तिच्या मनात आलं, थोमासरावांचा नातू माझ्या हातावर आला तर मंडळीत माझं नाव होईल. ती केरबाला म्हणाली, "पहिलटकरीण आहे, वेळ लागेल. तू हो पुढं, मी आलेच."

केरबा म्हणाला, "मावशी, मी आधी आलो होतो."

"आलेच म्हटलं ना," म्हणाली, आणि छकड्यात बसली.

मळ्यातल्या घरी ओटीवर थोरामोठ्यांच्या बायका बसलेल्या. दीनाबाई उंबऱ्याशी आली. हात पुढं करणार, तोच तिला वाटलं, या हसतील. म्हणतील, हिला स्वतःचा भरवसा नाही. तिनं हात पदराखाली घेतले, तशीच आत गेली. सूनबाईला तपासलं, तर अजून अवकाश होता. घरच्यांनी पाट मांडला, पुढं शिरा ठेवला. दीनाबाईनं तो खाल्ला.

मग केरबा दुसऱ्यांदा आला. फाटकाशी उभा राहिला, गड्याकडून निरोप धाडला. दीनाबाई म्हणाली, "सांग त्याला, येते." तिसऱ्यांदा कोणी आलं नाही.

उन्हं कलली तेव्हा सूनबाई सुखरूप बाळंत झाली. मुलगा झाला. पेढे वाटले, दीनाबाईला लुगडं नेसवलं. ती आभार मानायची विसरली. नवं लुगडं नेसून बुरूडआळीत गेली.

तिथं काय पाहिलं? केरबा दाराशी बसला होता. आत शेजारणी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मूल नाळेचा वेढा मानेला घेऊन आलं होतं. शेजारणींना तो सोडवता आला नाही. फडक्यात गुंडाळून मूल कोपऱ्यात ठेवलं होतं. चंपानं डोळे उघडले. म्हणाली, "मावशी, आलात होय." आणि दीनाबाईला बसायला जागा व्हावी म्हणून अंग चोरून जरा सरकली.

ती भांडली असती, तर दीनाबाईला बरं वाटलं असतं. दीनाबाई बसली नाही, उभं राहवेना. अंगावरचं लुगडं तिला भाजू लागलं.

दुसऱ्या दिवशी मातीला मंडळी जमली. देवळातल्या पाळकांच्या बाईंनी विचारलं, "दीनाबाई, तुम्ही नव्हतात का?" दीनाबाई म्हणाली, "बोलावणं उशिरा आलं, बाई." केरबा कुदळ धरून बाजूलाच उभा होता. त्यानं ऐकलं, खाली पाहिलं, माती ओढू लागला. घरी नवऱ्यानं विचारलं, त्यालाही म्हणाली, "बोलावणं उशिरा आलं." माहेरपणाला लेक आली, तिलाही म्हणाली, "बोलावणं उशिरा आलं."

त्या दिवसापासून तिला प्रार्थना करता येईना. डोळे मिटले की केरबाची कुदळ दिसे. कोणाच्या दाराशी गेली, की हात कापू लागत. ती म्हणे, "अंगात कणकण आहे, दुसरीला बघा." बोलावणी थांबली. मीठ संपलं, सरपण संपलं, दाणा संपत आला. शेजारणी म्हणाल्या, "दृष्ट लागली." दीनाबाईला ठाऊक होतं काय लागलं ते. प्रभुभोजनाचा रविवार आला. भाकर आली, तिनं न खाता पुढं दिली. प्याला आला, तोही पुढं दिला.

मग ती अलीशिबा म्हातारीकडं गेली. म्हणाली, "आजी, वसा टाकला." घडलं ते सगळं सांगितलं. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला आंधळीला सांगणं सोपं आहे. ज्यांचं गेलं, त्यांना सांग."

"तोंड होत नाही, आजी."

"ते देवाकडं माग. तो हात देतो, तसं तोंडही देतो."

दीनाबाई बुरूडआळीत गेली. चंपा दारात बांबूच्या कामट्या काढत बसली होती. दीनाबाई कामट्यांकडं बघत राहिली. म्हणाली, "एक सूप दे." सूप घेऊन घरी आली. दुसऱ्यांदा गेली, "एक टोपली दे" म्हणाली, टोपली घेऊन घरी आली. पाखडायला दाणे नव्हते, भरायला भाकरी नव्हती. सूप नि टोपली भिंतीला टेकून राहिली. तिसऱ्यांदा जाताना ती वाटेतच थांबली. म्हणाली, "देवबापा, लाज मला बोलू देत नाही. तू माझा हात धर, नाहीतर मी आणखी एक सूप घेऊन परत येईन."

चंपानं तिला पाहिलं. म्हणाली, "मावशी, तुमच्या घरी आता पुष्कळ सुपं झाली असतील."

मग दीनाबाई जमिनीवर बसली. म्हणाली, "मला सकाळीच बोलावलं होतं. मी मळ्यात गेले. तुझा नवरा दोनदा आला. मी शिरा खात होते. आणि गावात सांगितलं, बोलावणं उशिरा आलं."

"मला ठाऊक आहे."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलून बाळ परत येणार होतं का?" चंपानं कामटी खाली ठेवली. "मावशी, तुम्हांला क्षमा केली असं माझ्या तोंडून निघत नाही. खोटं कशाला बोलू? रोज देवाकडं मागते, की निघावं. अजून निघत नाही."

दीनाबाई म्हणाली, "बळंच नको काढूस." आणि उठून घरी आली.

रविवार आला. गीत झालं, शास्त्र वाचून झालं. पाळकांनी विचारलं, "कोणाला देवाच्या कृपेची साक्ष द्यायची आहे का?" दीनाबाई उभी राहिली. म्हणाली, "साक्ष नाही, मला कबुली द्यायची आहे." घडलं ते सगळं सांगितलं. पुढच्या बाकावरच्यांनी ऐकलं, मागच्या चटईवरच्यांनी ऐकलं. थोमासरावांच्या घरच्या बायकांनी पदर पुढं ओढले. शांतवननं मान खाली घातली. पाळकांनी प्रार्थना केली, मंडळी घरोघर गेली. पुढं कितीतरी दिवस विहिरीवर बायका तिला वाट देत, पण शब्द देत नसत. दीनाबाई म्हणे, "हे माझंच आहे, मीच उचलीन." पण आता डोळे मिटले की तिला प्रार्थना करता येई.

मग काय झालं? रूथ बाळंतपणाला माहेरी आली. एके दुपारी कळा सुरू झाल्या. अलीशिबा खाटेवरून उठत नव्हती, दुसरी सुईण शेजारगावी गेली होती. दीनाबाई आपल्याच घरच्या उंबऱ्याशी उभी राहिली. आत लेक कण्हत होती. दीनाबाईनं हात पुढं केले, ते पानासारखे कापत होते. तिला एकच दिसत होतं, कोपऱ्यातलं फडकं. तोंडातून शब्द निघेना.

शांतवन बाहेर धावला, त्यानं शेजाऱ्यांना हाका मारल्या. हाक आळीआळीनं पुढं गेली. कोणी यायच्या आधी चंपा आली. कामट्यांनी चिरलेली बोटं पदराला पुसत आली, दीनाबाईच्या शेजारी उभी राहिली. म्हणाली, "मावशी, आत का जात नाही?"

"आधी देवाकडं मागायचं असतं. मला मागायला तोंड नाही. तुझ्यापुढं तर नाहीच."

चंपानं तिचे दोन्ही हात धरले, पुढं केले. "काय म्हणायचं असतं ते सांगा."

दीनाबाईनं सांगितलं. मग चंपा म्हणाली, "देवबापा, हात हिचे, काम तुझं." आणि दोघींनी उंबरा ओलांडला.

मूल आलं, ते मानेला नाळेचा वेढा घेऊनच. चंपानं ते पाहिलं, तिचा चेहरा पांढरा झाला, पण तिनं रूथचे खांदे सोडले नाहीत. दीनाबाईचे हात कापतच होते. कापत्या हातांनी तिनं बोट घातलं, वेढा सैल केला, डोक्यावरून काढला. क्षणभर काहीच झालं नाही. मग मूल रडलं.

दीनाबाईला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच तिला लाज वाटली. चंपाकडं बघवेना. हात न धुताच ती जमिनीला टेकली, देवाचे आभार मानले, आणि मूल फडक्यात घेऊन आधी चंपाच्या ओटीत ठेवलं. चंपानं ते धरलं. पुष्कळ वेळ धरलं. परत मागायला कोणाचं तोंड झालं नाही, रूथही वाट बघत पडून राहिली. मग चंपानं आपणहून मूल रूथच्या छातीशी ठेवलं, पाणी गरम केलं, खोली पुसली, आणि संध्याकाळच्या भाकरी थापायला घरी निघून गेली. क्षमेचं ती काही बोलली नाही. दीनाबाईनं विचारलं नाही.

दीनाबाईची बोलावणी हळूहळू पुन्हा सुरू झाली. मळ्यातून आधी आलं तर मळ्यात आधी, मोळीवाल्याकडून आधी आलं तर तिथं आधी. लाज काही गेली नाही. दर दाराशी ती तिच्यासंगं उभी राही. आता ती वाट अडवत नसे, एवढंच.

वर्ष लोटलं. दीनाबाई पीठ मळत होती. दारात केरबा आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, "मावशी, चंपाला कळा लागल्यात."

दीनाबाई खाली बघून म्हणाली, "दुसऱ्या सुइणीला सांगितलंस का?"

"नाही," केरबा म्हणाला. "चंपानं तुम्हांलाच बोलवायला सांगितलंय."

दीनाबाई तशीच पिठाच्या हातांनी उठली.

चंपाला मुलगी झाली, रडली, जगली. जशी देवबापानं दीनाबाईला मागायला जीभ दिली, लाज सोसायला बळ दिलं, कापत्या हातांना काम दिलं, तसं तुम्हां-आम्हां देवो. जिचं आपण हिरावलं, तिच्या दाराशी आपल्याला नेवो. साठ मुखांनी सांगावी, पाच शब्दांत राहावी, ऐकणारीच्या घरी फळावी, अशी ही कहाणी इथं पुरी झाली. आमेन.