समुद्राला झोप येईना

एकदा काय झालं, आश्विन महिना आला तरी समुद्र शांत होईना.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? तसं नाही, बरं का. पावसाळाभर समुद्र दंगा करतो. तेव्हा कोळी आपल्या होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकून ठेवतात. नारळी पौर्णिमेला नारळ मिळाला की तो हळूहळू निवतो. पण त्या वर्षी नारळ दिला, गणपती गेले, दसरा आला, तरी लाटा आपल्या माडाएवढ्या! शिंपवाडीच्या घराघरातलं सुकट संपलं. मग लोकांनी बरणीच्या तळाची भुकटी भाताला लावून खाल्ली. मग तीही संपली. मांजरं तर गाव सोडून निघाली.

मग लोकांनी समुद्राला आणखी एक नारळ दिला. तो त्याने परत फेकला, थेट देवळाच्या पायरीवर. मग शिरा दिला. तो त्याने खाल्ला, पण गप्प बसला नाही. मग सगळ्यांनी ओळीने उभं राहून हात जोडले. तर त्याने सगळ्यांना ओळीनेच भिजवलं.

त्या गावात हिरोजी नावाचा एक म्हातारा तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. त्याचे कान फार तिखट. घोळ मासा पाण्याखाली गुरगुरतो ना, तो ऐकायला हिरोजी वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचा आणि दांडा कानाला लावायचा. तो म्हणाला, "अरे, त्याला काय हवंय ते विचारा तरी!"

मग तो खडकावर गेला. वल्हं पाण्यात सोडलं, दांडा कानाला लावला. आतून आवाज आला, "मऽऽग? मऽऽग?"

हिरोजीचं तोंड एवढंसं झालं.

"काय म्हणतो, तात्या?" लोकांनी विचारलं.

"मग काय झालं, असं विचारतोय."

"कशाचं?"

हिरोजीने मान खाली घातली. "गोष्टीचं."

त्याचं असं झालं होतं. हिरोजीला गोष्टी सांगायची भारी हौस. जाळं टाकून बसला की सांगायचा. होडीत कुणी नसलं तर वल्ह्याला सांगायचा. पावसाआधीच्या शेवटच्या फेरीला त्याने अशीच एका खेकड्याची गोष्ट काढली. गोष्ट रंगात आली आणि वारा सुटला. हिरोजीने शीड आवरलं आणि घर गाठलं. गोष्ट राहिली पाण्यावरच. ती ऐकत कोण होता? समुद्र! चार महिने बिचारा जागाच.

"अहो, चाळीस वर्षं सांगतेय," हिरोजीची बायको चांगुणा म्हणाली, "एक तरी गोष्ट पुरी करा. मी घेते चालवून. समुद्र कशाला घेईल?"

सगळे हसले. पोटात काही नव्हतं, तरी हसले.

मग पहिल्या दिवशी हिरोजी खडकावर बसला आणि त्याने वल्ह्यात गोष्ट सांगितली. "एक होता शंखातला खेकडा. त्याला घर लहान झालं. पाय आत घेतले की डोळे बाहेर, डोळे आत घेतले की पाय बाहेर." एवढं ऐकलं आणि खाडीच्या तोंडापर्यंतचं पाणी निवलं. लोकांनी धावत जाळी टाकली. कोळंबी मिळाली, बोयटं मिळाली. जाळ्यात खेकडेही आले होते, पण ते लोकांनी नमस्कार करून सोडून दिले. समुद्र ऐकत होता ना!

दुसऱ्या दिवशी हिरोजी होडी घेऊन थोडा पुढे गेला. "मग खेकडा करवंटीत शिरला. लाट आली, करवंटी गरगर फिरली आणि खेकड्याला घेरी आली." समुद्र खो खो हसला. मग बेटापर्यंतचं पाणी निवलं. जाळ्यात एवढे बांगडे आले की ओढून ओढून लोकांचे हात भरून आले.

पण भुकेल्याला दोन घास द्यावेत आणि ताट ओढून घ्यावं, तसं झालं समुद्राचं. संध्याकाळी पाणी चढलं ते थेट होड्यांना टेकलं. उद्या गोष्ट संपली नाही, तर होड्या जाणार!

हिरोजी घरी येऊन उंबऱ्यावर बसला. "अगं, मला शेवटच ठाऊक नाही."

"मला वाटलंच," चांगुणा म्हणाली. तिने पदर खोचला. "उद्या मी येते."

आजवर ती कधी होडीत बसली नव्हती, बरं का.

तिसऱ्या दिवशी दोघं खूप लांब गेली, जिथे पाणी काळंनिळं होतं तिथे. हिरोजी सांगू लागला. "मग खेकड्याला एक मोठा शंख दिसला. त्याने दार वाजवलं. आतून आवाज आला, कोण आहे?"

"मऽऽग?"

"मग... आत मोठा मासा होता. त्याने खेकड्याला खाल्लं."

एक लाट आली आणि होडी उडाली घराएवढी उंच.

"नाही, नाही खाल्लं! आत राजा होता. त्याने खेकड्याला सोन्याचं कडं दिलं."

दुसऱ्या बाजूने लाट आली आणि हिरोजीची टोपी गेली.

तिसरी लाट उठायला लागली, तशी चांगुणाने वल्हं हिसकावलं. "सरका हो! तुम्ही जन्मभर दाराबाहेरून आलात. आत काय असतं ते तुम्हाला काय ठाऊक? रोज 'कोण आहे' म्हणून मीच विचारते."

मग दांड्याला तोंड लावून ती हळूच म्हणाली, "आत एक खेकडी होती. ती सकाळपासून दाराला कान लावून बसली होती. खेकडा म्हणाला, मी आहे, घर शोधतोय. ती म्हणाली, मग दारात काय उभा? सापडलं की! पाय धू आणि आत ये, भात निवतोय. मग तो आत आला. पोटभर जेवला. पाय लांब केले. आणि झोपला. संपली गोष्ट."

तिसरी लाट जिथल्या तिथे थांबली. वल्ह्यातून आवाज आला, "हंऽऽऽ." आणि समुद्र झोपला. पाणी कसं, तर ताटात ओतल्यासारखं.

"जाळं टाकू?" हिरोजीने विचारलं.

"हळू टाका. उठेल तो."

त्या दिवशी त्यांना घोळ मिळाली, सुरमई मिळाली. दुसऱ्या दिवशी सगळ्या होड्या खोल पाण्यात गेल्या. गावभर तळणीचा वास सुटला आणि मांजरं परत आली.

पण घरी पोचल्यावर एक गंमत झाली. दोघं बरोबरच आली, तर आतून "कोण आहे?" विचारणार कोण? मग हिरोजी पटकन आत शिरला, दार लोटलं आणि आतून ओरडला, "कोण आहे?"

चांगुणा हसली. "मी आहे. सरका, भात टाकते."

मग ती दोघं सुखात राहिली. हिरोजी गोष्टी सुरू करायचा आणि चांगुणा संपवायची.

आता कुणी "मग?" म्हणायचं नाही. समुद्र झोपला, हिरोजी झोपला, चांगुणा झोपली, मांजरंसुद्धा झोपली. मी एकही धागा सोडलेला नाही, बरं का. म्हणा "हं" आणि मिटा डोळे.