दाण्याचा मध्य

“तीन मीटर कमी पडले, म्हणून गेलोच नाही असं धरायचं का?”

टिपणीस मठाच्या अंगणात उभे राहून ओरडत होते. डोक्यावर अजून हेल्मेट होतं, नडग्यांना चिखल होता. सायकल ओट्याला टेकवलेली होती आणि तिच्या कॅरिअरवर शाल-श्रीफळ बांधलेलं होतं.

येसूबुवा ओट्यावर बसून सुपातली मटकी निवडत होते.

“कशाला कमी पडले?”

“बिंदूला! तुम्हीच दिलेल्या बिंदूला!”

“मी दाणा टाकला होता...” बुवा म्हणाले आणि एक खडा बाजूला काढला.

हे खरं होतं. अनुग्रह मागायला आलेल्याच्या कानात येसूबुवा लगेच मंत्र सांगत नसत. तालुक्याचा नकाशा जमिनीवर पसरायचा, डोळे मिटून त्यावर ज्वारीचा एक दाणा टाकायचा. दाणा पडेल तिथं त्या माणसानं सायकलवरून जाऊन यायचं. असं तीनदा. तिथंच का जायचं, असं कुणी विचारलं, तर बुवा म्हणत, “तिथं आपलं काही काम नाही म्हणून.”

बाकीचे त्या अंगाला कुठंतरी जाऊन येत. पण टिपणीस सरकारी खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. ‘कुठंतरी’ हा शब्द त्यांनी उभ्या नोकरीत फायलींवरून खोडत आणलेला. त्यांनी पट्टी लावून दाण्याचा मध्य काढला, त्याचे अक्षांश-रेखांश सहा दशांश स्थळांपर्यंत मोबाइलमध्ये भरले, आणि मगच पायडल मारलं. त्या नकाशावर एका दाण्याखाली अख्खी वाडी, ओढ्यासकट, झाकली जाते, हा त्यांच्या मते दाण्याचा दोष होता.

अनुग्रह मिळणार हे त्यांनी नात्यागोत्यात सांगूनही ठेवलं होतं. निवृत्तीनंतर फोन वाजायचा बंद झाला होता. आता मिळवण्यासारखं एवढंच राहिलं होतं, आणि ते तीन मीटरवर अडलं होतं.

“बिंदू निघाला कुठं?” बुवांनी विचारलं.

“वाडीतल्या एका घरात. घरात म्हणजे... आतल्या खोलीत.”

“मग?”

“दारात एक म्हातारी बसलेली. ‘कुणाकडं आलाय?’ म्हणाली. मी म्हटलं, कुणाकडंच नाही. तुमच्या आतल्या खोलीत दोन मिनिटं उभं राहायचंय.”

बुवांचा हात सुपात थांबला.

“असं म्हणालात?”

“मग मठाच्या कामात खोटं बोलू?”

“नको, नको. पुढं?”

“म्हणाली, ‘आत बाळंतीण हाय!’ मी म्हटलं, काही हरकत नाही, मी भिंतीकडं तोंड करून उभा राहतो.”

बुवांनी सूप बाजूला सरकवलं.

“तर केरसुणी उगारली! माझ्यावर! बरं, मी समजूतदारपणा सोडला नाही. मोबाइल पुढं केला. म्हटलं, आजी, हे बघा, हा निळा ठिपका म्हणजे मी, आणि हा लाल ठिपका म्हणजे तुमची सून. इतकं सोपं करून सांगितलं! तर तिनं अशी बोंब ठोकली की सगळी वाडी गोळा झाली. एक जण म्हणतो, हा विहिरीवरच्या मोटारी चोरणाऱ्यांतला दिसतो. मोटारचोर! ज्याच्या सहीशिवाय कालव्याला पाणी सुटत नव्हतं, तो मोटारचोर!”

“मारलं का?”

“हिंमत आहे कुणाची! मी मठाचं नाव सांगितलं.”

“मग शांत झाले असतील.”

“बाकीचे झाले. म्हातारी आणखी भडकली. ‘बाळंतिणीच्या घरात पुरुषमाणसं धाडतोय व्हय त्यो बुवा? त्येला म्हणावं, सवता ये. बघतीच त्येच्याकडं.’”

बुवा पहिल्यांदाच हसले. खांदे हलेपर्यंत हसले.

टिपणिसांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“हसू नका! मला निर्णय हवाय. पहिले दोन बिंदू पूर्ण आहेत, फोटोसकट. तिसरा तीन मीटरनं अपुरा, तोही त्या लोकांच्या अडाणीपणामुळं. एवढी तूट आम्ही खात्यात ठेकेदारालासुद्धा माफ करायचो.”

“तिसरा धरला,” बुवा म्हणाले.

टिपणीस वादाचे सात मुद्दे मनाशी जुळवून आले होते. ते सगळे घशातच राहिले. त्यांनी हेल्मेट काढलं, केसांवरून हात फिरवला.

“पहिले दोन बाद.”

“काय?”

“पहिल्या ठिकाणी कोण भेटलं?”

“माळ होता तो! माळावर कोण भेटणार?”

“कुणी नाही?”

“मी वर बघितलंच नाही. मोबाइलवरचे आकडे जुळत आले होते.”

“दुसऱ्या ठिकाणी?”

“तलावाचा बांध. एक मेंढरंवाला बराच वेळ काहीतरी विचारत होता.”

“काय?”

“मला काय ठाऊक! मी बिंदू शोधत होतो.”

बुवांनी सूप मांडीवर घेतलं आणि ते पुन्हा मटकी निवडायला लागले.

“हा अन्याय आहे!” टिपणीस कडाडले. “अचूक पोचलो ते बाद, आणि केरसुणी दाखवून हाकललं ते मंजूर? हे कुठल्या शास्त्रात बसतं? लेखी द्या मला!”

“मला लिहिता येत नाही,” बुवा म्हणाले.

मठामागं कुणीतरी लाकडं फोडत होतं.

“मुलगा आहे की मुलगी?” बुवांनी विचारलं.

“कोण?”

“बाळ.”

“ते विचारायला गेलो नव्हतो मी!”

“रडत होतं?”

टिपणीस अडखळले. “हो... म्हणजे त्या गलक्यानं उठलं असेल. रडायला लागलं, तशी म्हातारीनं सगळ्या वाडीला दम देऊन गप्प केलं.”

“आणि मग?”

“मग काय! तिचा कहर ऐका. आत गेली आणि डिंकाचा लाडू घेऊन आली. आधी केरसुणी, वर लाडू! म्हणते, ‘बाळाच्या घरावरनं रित्या तोंडानं कुणी जात न्हाई. कसाबी असलास तरी धर.’ कसाबी असलास! मला! अरेतुरे!”

बुवांनी सूप खाली ठेवलं.

“खाल्लात?”

“छे!” टिपणिसांची मान ताठ झाली. एवढ्या सगळ्या प्रकारात स्वतःच्या वागण्यातली हीच गोष्ट त्यांना मनापासून पटलेली होती. “मी म्हटलं, लाडवासाठी आलो नव्हतो, ठेवा तुमच्याकडंच. तशीच हात पुढं करून उभी होती. मी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. असा निघून आलो!”

येसूबुवा उठले. गुडघे धरून उठले, पण उठले. ओट्यावरून उतरून त्यांनी कॅरिअरची दोरी सोडली, शाल-श्रीफळ टिपणिसांच्या हातात दिलं, धोतर वर खोचलं आणि सायकल अंगणातून फाटकाकडं ढकलत नेली.

“अहो, बुवा! कुठं निघालात?”

“म्हातारीनं बोलावलंय ना.”

“ती गिअरची आहे! झेपायची नाही तुम्हाला!”

बुवा कसेबसे सीटवर चढले. पायाची बोटं तेवढी जमिनीला पुरत होती. सायकल एकदा इकडं कलली, एकदा तिकडं.

टिपणीस शाल-श्रीफळ छातीशी धरून फाटकापर्यंत धावले. आता आवाजात राग होता की आणखी काही, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

“आणि माझा अनुग्रह?”

बुवांनी पायडलवर पाय ठेवला...

“तो तुम्ही नको म्हणून आलात.”