टिवलीचं पीस आणि पंख्याचं बटण

एक होतं बदामाचं झाड. झाडावर होतं दोन पानं शिवून केलेलं घर. घरात राहायची टिवली. टिवली म्हणजे शिंपी पक्ष्याचं पिल्लू. एवढंसं. तुझ्या अंगठ्याएवढं.

टिवलीची आई एकदा उडून गेली. ती परत आलीच नाही. घरात राहिलं आईचं एक पीस. टिवली त्यावर गाल टेकून निजायची.

झाडाखाली मिस्त्रीकाकांचं गॅरेज. गॅरेजात लाल मोटारसायकल. तिला पुढे एक पंखा, इंजिन गार करायला.

एके दिवशी वारा आला. भुर्रर्र. पीस उडालं. तरंगत तरंगत खाली गेलं. पंख्याच्या जाळीत अडकलं. पंखा फिरतोय, घर्र घर्र. पीस थरथरतंय.

टिवली खाली आली. टुण टुण टुण. घर्र आवाज ऐकला आणि दचकली. मग हळूच म्हणाली,

"पंखेदादा, पंखेदादा, थांब ना.
पंखा थांबला, तर पीस मिळेल.
माझ्या आईचं पीस."

पंखा म्हणाला, "मला थांबता येत नाही गं. इंजिन तापलं की 'फिर' आणि निवलं की 'थांब', असं सांगणारा एक इवला पहारेकरी आहे. तो बिघडलाय. नुसता 'फिर, फिर' म्हणतो. हातानं दाबायचं बटण बसव. मग थांबेन."

टुण टुण टुण. बटण होतं डब्यात, नटबोल्टांच्या गर्दीत. खण्ण वाजलं. टिवली दचकली.

"बटणदादा, बटणदादा, बस ना.
बटण बसलं, तर पंखा थांबेल.
पंखा थांबला, तर पीस मिळेल.
माझ्या आईचं पीस."

बटण म्हणालं, "बसू कुठे? तुझ्या डोक्यावर? हँडलापाशी भोक पाड. मग बसेन."

टुण टुण टुण. ड्रिल होतं भिंतीला टांगलेलं. त्याचं टोक चमकलं. टिवली दचकली.

"ड्रिलभाऊ, ड्रिलभाऊ, चाल ना.
ड्रिल चाललं, तर भोक पडेल.
भोक पडलं, तर बटण बसेल.
बटण बसलं, तर पंखा थांबेल.
पंखा थांबला, तर पीस मिळेल.
माझ्या आईचं पीस."

ड्रिल म्हणालं, "मला का पाय आहेत? काकांचा हात लागू दे. मग चालेन."

टुण टुण टुण. मिस्त्रीकाका केवढे उंच. टिवली पुन्हा दचकली. पण पळाली नाही.

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, हात द्या ना.
हात लागला, तर ड्रिल चालेल.
ड्रिल चाललं, तर भोक पडेल.
भोक पडलं, तर बटण बसेल.
बटण बसलं, तर पंखा थांबेल.
पंखा थांबला, तर पीस मिळेल.
माझ्या आईचं पीस."

काका म्हणाले, "कुठून देऊ, बाळा? दोन्ही हातांत शेवू आहे. खाली ठेवली की रडते."

शेवू म्हणजे काकांची लेक. ती मुसमुसत होती. मुसू मुसू. या वेळी टिवली दचकली नाही. असं रडणं तिला ठाऊक होतं.

"शेवूताई, शेवूताई, नको ना रडू.
रडू थांबलं, तर हात लागेल.
हात लागला, तर ड्रिल चालेल.
ड्रिल चाललं, तर भोक पडेल.
भोक पडलं, तर बटण बसेल.
बटण बसलं, तर पंखा थांबेल.
पंखा थांबला, तर पीस मिळेल.
माझ्या आईचं पीस."

शेवू म्हणाली, "माझी आई लांब गेलीय कामाला. मला आईचं गाणं हवंय."

टिवली टुणकन शेवूजवळ आली. मग म्हणाली, "तुझ्या आईचं मला येत नाही. माझ्या आईचं येतं."

आई गेल्यापासून ते गाणं तिनं म्हटलं नव्हतं. तरी तिनं चोच उघडली.

टुवी टुवी, टुवी टू.

शेवू ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचं रडू थांबलं.

रडू थांबलं, काकांचा हात लागला.
हात लागला, ड्रिल चाललं. गुर्रर्र.
ड्रिल चाललं, भोक पडलं.
भोक पडलं, बटण बसलं.

काकांनी वायर जोडली. "दाब गं शेवू," म्हणाले. शेवूनं इवलं बोट ठेवलं.

टक.

घर्र... घर्... घ...

पंखा थांबला.

शेवूनं पीस अलगद काढलं. पण पीस अर्धंच होतं. अर्धं पंख्याच्या वाऱ्यात कुठंतरी गेलं होतं.

शेवूनं शोधलं. काकांनी शोधलं. नाही सापडलं.

टिवलीनं अर्धं पीस चोचीत धरलं. घरी नेलं. त्यावर गाल टेकला.

पीस अर्धं होतं. आईचा वास मात्र अख्खा होता.

खाली पंखा गप्प. वर टिवली गप्प. आता आपली गोष्टही गप्प.