भोवंडीच्या रानातला घाण्याचा बैल

फार फार वर्षांपूर्वी, पारावरचा हा वड तुमच्या गुडघ्याएवढा होता, तेव्हाची गोष्ट. खाली समुद्राकाठी मीठ पिकायचं, वर घाटमाथ्यावर पेठा भरायच्या आणि मधे होतं भोवंडीचं रान. त्यात चकवा राहायचा. माणूस नाकासमोर चालू लागला की तो वाट हळूच वाकवायचा आणि त्याला गोल गोल फिरवायचा, थकून पडेपर्यंत. असं म्हणतात, की तिथं झाडांच्या मुळाशी नुसत्या वहाणा सापडायच्या.

आपल्या तिळवणीत भागीरथी नावाची तेलीण होती. तिचा नवरा कोंडाजी मिठाच्या तांड्याबरोबर रानात शिरला, आणि आठ दिवस झाले तरी नऊ माणसांतला एकही बाहेर आला नाही. बैलांच्या घंटा मात्र गावात ऐकू यायच्या. कधी जवळून, कधी लांबून, आणि रोज थोड्या कमी.

नवव्या दिवशी सकाळी भागीरथीनं घाण्याचा बैल सोडला. शेपूट अर्धंच, म्हणून त्याचं नाव बांड्या. पाटील म्हणाले, "अगं बाई, हा जन्मभर चालला, पण घाणा सोडून कुठं गेला नाही. हा काय वाट काढणार?"

"पाटीलबाबा, सरळ चालणाऱ्याला हे रान गोल फिरवतं. माझ्या बैलाला सरळ चालणं ठाऊकच नाही. त्याचं गोल वाकवलं तर काय होईल, सांगा बघू!"

पाटील वाटेतून बाजूला सरले.

तिनं बैलाला झापडं बांधली, स्वतःच्या डोळ्यांवर पदर बांधला आणि त्याच्या वशिंडावर हात ठेवला. घाण्याची कुरकुर ऐकल्याशिवाय बांड्या पाऊल उचलत नसे, म्हणून ती तोंडानंच "कुर्र, कुर्र" करत घंटांच्या रोखानं निघाली. बैल गोल चालला, रानानं तो गोल वाकवला आणि वाकता वाकता त्याची वाट सुतासारखी सरळ झाली! असं म्हणतात, की त्या दिवशी झाडांनाच भोवंड आली.

मग चकव्यानं शेवटचा डाव टाकला. कोंडाजीच्या आवाजात हाक आली, "भागीरथी, इकडं ये! पदर सोड!"

तिचा हात पदराकडं गेलासुद्धा. आणि मग ती खो खो हसली. "मेल्या, वीस वर्षांत आमच्या धन्यानं माझं नाव घेतलं नाही. तू कुठला आलास?"

थोडं पुढं गेल्यावर एक कोरडा, घोगरा आवाज आला. "अगं ए..."

"आले, आले!" ती ओरडली आणि तशीच रडू लागली.

नऊच्या नऊ जण जिवंत होते. पागोट्यांच्या चिंध्या करून माणसांचे आणि बैलांचे डोळे बांधले, बांड्या पुढं घातला, आणि दिवस मावळायच्या आत सगळा तांडा "कुर्र, कुर्र" करत शिवेवर आला. कोंडाजीनं डोळ्यांवरची चिंधी सोडली आणि सगळ्या गावादेखत म्हणाला, "भागीरथी." एवढंच. ती लाजली, आणि गावानं तिला खांद्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच बैलामागून मीठ वर पेठेत पोचवलं. बांड्याच्या खुरांनी पडलेली ती वाट रानाला पुन्हा वाकवता आली नाही.

आजही दरवर्षी त्याच दिवशी घाण्याचा बैल हार घालून पुढं चालतो आणि अख्खं गाव मागून कुरकुरतं. शिवेवर प्रत्येक नवरा बायकोला नावानं हाक मारतो. आमच्याकडं कुणाला घाण्याचा बैल म्हटलं, तर तो छाती काढून चालतो. रानात मात्र नावानं हाक आली, तर तिळवणीची बाई अजून ओ देत नाही. "अगं ए" म्हणा, मग बघा!